एंकेचा धूमकेतू, रमजानचा चंद्र आणि अल्लाहने ठेवलेला हिशेब

येत्या २०२७ सालच्या फेब्रुवारी महिन्यात शाबान संपत आलेला असेल आणि पुण्यातील कॅम्प, मोमिनपुरा, कोंढवा येथील गच्च्यांवरून लोक पश्चिमेकडे रमजानचा चंद्र शोधत असतील. नेमक्या त्याच दिवसांत, ९ फेब्रुवारीच्या सुमारास, एंके नावाचा धूमकेतू सूर्याच्या अगदी जवळून वळसा घेत असेल. त्याच्या तीनच दिवस आधी, ६ फेब्रुवारीला, सूर्याला कंकणाकृती ग्रहण लागलेले असेल. ग्रहण, धूमकेतू आणि रमजानचे चंद्रदर्शन, हे तिन्ही एकाच आठवड्यात.

वाचक बंधू-भगिनींनो, एवढे साहित्य हाताशी असताना त्यावरून भविष्य सांगणारा एखादा संदेश आपल्या मोबाईलवर येणार नाही, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. तो येईल, त्यात काही अरबी शब्द असतील, लाल अक्षरांतील इशारा असेल आणि शेवटी ‘किमान दहा जणांना पाठवा’ अशी आज्ञा असेल. तो संदेश हाती येण्यापूर्वीच या विषयाचा शांतपणे अभ्यास व्हावा, यासाठी हा पाठ.

प्रथम धूमकेतूची ओळख करून घेऊ. आपल्या आजी-आजोबांच्या मराठीत त्याला शेंडेनक्षत्र म्हणत, उर्दूत दुमदार सितारा. धूमकेतू म्हणजे बर्फ, धूळ आणि खडे यांचा गोळा. तो सूर्याजवळ आला की त्यातील बर्फाची वाफ होते, धूळ सुटते आणि डोके व शेपटी दिसू लागते. बहुतेकांना हॅलेचा धूमकेतू ठाऊक असतो. तो सुमारे ७६ वर्षांनी येतो, म्हणजे माणसाच्या आयुष्यात साधारणपणे एकदाच. एंकेची गोष्ट वेगळी आहे. त्याची फेरी अवघ्या ३ वर्षे ४ महिन्यांत पुरी होते. ठळक धूमकेतूंमध्ये इतक्या कमी काळात परतणारा दुसरा नाही. सूर्याजवळ येतो तेव्हा तो सुमारे ५ कोटी किलोमीटरांवर असतो, म्हणजे बुध ग्रहाच्या सरासरी अंतराहूनही आत. दूर जातो तेव्हा सुमारे ६१ कोटी किलोमीटरांपर्यंत जातो आणि गुरू ग्रहाची कक्षा न ओलांडताच परत फिरतो. त्याच्या गाभ्याचा व्यास सुमारे ५ किलोमीटर, म्हणजे स्वारगेटपासून शिवाजीनगरच्या थोडे पुढे जाण्याइतका! एवढासा गोळा, आणि त्याच्या नावाने घराघरांत भीती पसरावी, याचे नवल वाटते.

या धूमकेतूच्या नावातही एक धडा आहे. १७८६ मध्ये मेशें या फ्रेंच निरीक्षकाने तो पाहिला, १७९५ मध्ये कॅरोलिन हर्शेल या विदुषीने पाहिला, १८०५ आणि १८१८ मध्ये पोन्स याने पाहिला. प्रत्येक वेळी तो नवा धूमकेतू वाटला. योहान एंके या जर्मन गणितज्ञाने १८१९ मध्ये कागदावर हिशेब मांडून दाखवले की, हे चार पाहुणे वेगवेगळे नसून एकच आहे आणि तो १८२२ मध्ये पुन्हा येईल. तो आला; ऑस्ट्रेलियातील पॅरामाटा येथील वेधशाळेतून तो ठरल्या जागी दिसला. जगाने त्याला एंकेचे नाव दिले. एंके स्वतः मात्र त्याला पोन्सचा धूमकेतू म्हणत राहिले. दुसऱ्याच्या श्रमाचे श्रेय आपल्या नावावर न घेण्याचा हा प्रामाणिकपणा कोणत्याही विद्यार्थ्याने लक्षात ठेवावा.

पवित्र कुरआनच्या सूरह रहमानच्या आरंभीच, सूर्य आणि चंद्र एका हिशेबाने बांधलेले आहेत, असा आशय आला आहे. सूरह यासीनमध्ये सूर्य चंद्राला गाठू शकत नाही, रात्र दिवसाच्या पुढे जाऊ शकत नाही आणि प्रत्येक जण आपापल्या कक्षेत तरंगतो आहे, असे सांगितले आहे. सूरह यूनुसमध्ये तर चंद्राच्या मंजिली ठरवून देण्याचे प्रयोजनही सांगितले आहे : माणसांना वर्षांची गणना आणि हिशेब कळावा. येथे प्रयोजन म्हणून हिशेबाचा उल्लेख आहे, भाग्य जाणून घेण्याचा नाही, हे ध्यानात घ्यावे.

आता संदेश लिहिणाऱ्यांना ज्याचा मोह पडेल, त्या योगायोगाकडे वळू. मी जुन्या तारखा काढून पाहिल्या. १९९४ मध्येही एंकेचा धूमकेतू ९ फेब्रुवारीलाच सूर्याजवळ आला होता आणि त्या वर्षी रमजानही १२ फेब्रुवारीच्या सुमारास सुरू झाला होता. म्हणजे ३३ वर्षांनी पुन्हा तीच गाठ! पहिल्यांदा हे लक्षात आले तेव्हा क्षणभर माझेही मन थरारले, हे कबूल करतो. मग वही-पेन्सिल घेतली.

चांद्र महिना सरासरी २९.५३ दिवसांचा. बारा महिन्यांचे हिजरी वर्ष सुमारे ३५४.३७ दिवसांचे. सौर वर्ष सुमारे ३६५.२४ दिवसांचे. हिजरी वर्ष दरवर्षी सुमारे ११ दिवसांनी मागे सरकते, म्हणूनच आपला रमजान कधी मे महिन्याच्या उन्हात तर कधी डिसेंबरच्या थंडीत येतो. आता ३४ हिजरी वर्षांचे दिवस मोजा : सुमारे १२,०४९. आणि ३३ सौर वर्षांचे मोजा : सुमारे १२,०५३. फरक अवघा चार-साडेचार दिवसांचा. म्हणून दर ३३ वर्षांनी रमजान जवळजवळ त्याच ऋतूत, त्याच तारखांच्या आसपास परत येतो. इकडे एंकेची एक फेरी सुमारे ३.३ वर्षांची; अशा दहा फेऱ्या म्हणजे ३३ वर्षे. दोन वेगवेगळ्या गतींची चाके फिरत फिरत एका जागी आली, एवढेच. घड्याळाचे दोन काटे तासाभरात एकदा एकमेकांवर येतात. त्या वेळी कोणी भविष्य पाहत नाही.

शिवाय ही गाठ कायमचीही नाही. १९६१ मध्ये धूमकेतू ५ फेब्रुवारीला सूर्याजवळ होता आणि रमजान १७ फेब्रुवारीच्या सुमारास सुरू झाला. अंतर १२ दिवसांचे. १९९४ मध्ये ते तीन-चार दिवसांवर आले. २०२७ मध्ये भारतात चंद्रदर्शनानुसार ८ किंवा ९ फेब्रुवारीच्या सुमारास पहिला रोजा होईल, म्हणजे दोन्ही तारखा जवळजवळ एकमेकींवर येतील. त्यानंतर त्या पुन्हा दूर सरकू लागतील. ग्रहणाचे तर आश्चर्यही नको. सूर्यग्रहण लागतेच ते अमावास्येला, आणि हिजरी महिना त्याच सुमारास संपतो. शाबानच्या अखेरीस ग्रहण येणे, हे गणितात बसणारेच आहे. हे ग्रहण दक्षिण अमेरिका आणि पश्चिम आफ्रिकेत दिसेल, पुण्यातून नाही. आणि ग्रहणाची नमाज जेथे ग्रहण दिसते तेथील लोकांसाठी आहे, असे उलेमा सांगतात.

१९६१ हे साल वाचताच पुण्यातील वडीलधाऱ्या वाचकांच्या मनात काय आले असेल, हे मी जाणतो. त्याच वर्षी १२ जुलै रोजी पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासलाही फुटले आणि मुठेच्या काठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. हिंदू-मुसलमान असा भेद त्या पाण्याने केला नाही. रमजानच्या महिन्यात धूमकेतू, आणि पाच महिन्यांनी प्रलय! अशी जोडणी करणाऱ्याला वाक्य जुळवायला किती सोपे! परंतु पानशेत फुटले ते काम अपुरे असताना धरणात पाणी साठले आणि त्या पावसाळ्यातील पाण्याचा जोर मातीच्या बांधाला पेलवला नाही म्हणून. त्या सकाळी एंकेचा धूमकेतू मंगळाच्या कक्षेच्याही पलीकडे, सूर्यापासून ३५ कोटी किलोमीटरांवर, आपल्या वाटेने निघून चालला होता. धूमकेतूवर दोष टाकला की एक मोठी हानी होते : धरण, भिंत, सांडवा, निर्णय यांबद्दल प्रश्न विचारणेच थांबते. जबाबदारी माणसाची असताना ती आकाशावर ढकलणे हा अमानतीचाही भंग आहे.

या संदर्भात प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या जीवनातील एका प्रसंगापाशी मला अंमळ थांबावयाचे आहे.

हिजरी सन १० मध्ये मदीनेत प्रेषितांचे पुत्र इब्राहीम यांचे निधन झाले. हजरत मारिया (र.) यांच्या पोटी जन्मलेले हे बाळ सुमारे दीड वर्षाचे होते. प्रेषितांची मुले एकामागून एक त्यांच्या डोळ्यांदेखत गेली होती. उतारवयात लाभलेले हे मूलही हातांवर शेवटचे श्वास घेऊ लागले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहिले. जवळच्या एका सोबत्याला आश्चर्य वाटले, तेव्हा त्यांनी सांगितले की, ही तर दया आहे. डोळे पाझरतात, अंतःकरण दुःखी होते, परंतु जिभेवर तेच येईल जे पालनकर्त्याला आवडते. आणि त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागले. आजच्या खगोलगणितानुसार ती तारीख २७ जानेवारी ६३२ अशी येते.

लोक म्हणू लागले, इब्राहीमच्या मृत्यूमुळे सूर्य काळवंडला. आपण क्षणभर त्या ठिकाणी उभे राहून पाहावे. हे म्हणणारे शत्रू नव्हते; प्रेमाने भारलेले लोक होते. त्यांचे म्हणणे प्रेषितांच्या सन्मानाचेच होते. ज्याला आपला प्रभाव वाढवावयाचा असेल, त्याच्यासाठी याहून मोठी संधी कोणती? गप्प राहिले असते तरी पुरे होते. दुःखात बुडालेल्या पित्याला कोणी दोष दिला नसता. तरीही ते उठले, मस्जिदीत आले, लोकांना घेऊन दीर्घ नमाज अदा केली आणि मग स्पष्ट सांगितले की, सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्यांपैकी दोन निशाण्या आहेत. कोणाच्या मरणाने किंवा जगण्याने त्यांना ग्रहण लागत नाही. ते पाहाल तेव्हा नमाज आणि दुआकडे वळा. सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिममध्ये हा प्रसंग आलेला आहे.

स्वतःच्या पुत्राच्या बाबतीत जी जोडणी प्रेषितांनी (स.) मान्य केली नाही, ती आपण एखाद्या नेत्याच्या, एखाद्या युद्धाच्या किंवा शेजाऱ्याच्या आजाराच्या बाबतीत कशी करणार? येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घ्यावी. त्यांनी ‘हे काहीच नाही, घरी जा’ असेही म्हटले नाही. निशाणी आहे, म्हणूनच नमाज आहे. निशाणी निर्मात्याकडे बोट दाखवते. उद्याच्या घटनेकडे नव्हे. ग्रहणाचा मिनिट न् मिनिट आधी ठाऊक असला तरी नमाजाचे कारण संपत नाही.

हुदैबियाच्या मुक्कामातील प्रसंगही असाच बोलका आहे. रात्री पाऊस पडला. सकाळी प्रेषितांनी सांगितले की, अल्लाहच्या कृपेने पाऊस पडला असे म्हणणारा अल्लाहवर श्रद्धा ठेवणारा आणि अमुक ताऱ्यामुळे पडला असे म्हणणारा ताऱ्यावर श्रद्धा ठेवणारा ठरला. हे वाचून आपल्या गावाकडचा एखादा शेतकरी विचारील, ‘मग मृगाचा पाऊस, आर्द्रेचा पाऊस म्हणावयाचे की नाही?’ प्रश्न रास्त आहे. उलेमांनी येथे फरक केला आहे. मृग हे काळाचे नाव म्हणून घेतले, म्हणजे जूनच्या आरंभी येणारा पाऊस एवढाच अर्थ असला, तर त्यात दोष नाही. पाऊस देणारा मृगच आहे अशी श्रद्धा असली, तर मात्र ती तौहीदला छेद देते. शब्द तोच, त्यामागील विश्वास निराळा. एंके २०२७ च्या रमजानात येणार आहे असे म्हणणे हे पहिल्या प्रकारात बसते. तो काही घेऊन येणार आहे, हे दुसऱ्या.

फितनांच्या प्रकरणांवरील काही जुन्या ग्रंथांत शेपटीच्या ताऱ्याविषयी रिवायती आढळतात आणि संदेश लिहिणारे त्यांचाच आधार घेतात. त्या रिवायतींच्या सनदी बुखारी-मुस्लिमच्या दर्जाच्या नाहीत. हदीस म्हणून कोणी काही पाठवले, तर प्रथम ग्रंथाचे नाव आणि दर्जा विचारावा, जाणत्या आलिमांना दाखवावे. उत्तर मिळेपर्यंत पुढे पाठवू नये. ऐकले ते सारे सांगत सुटणे, हेच माणसाला खोटे ठरवण्यास पुरेसे आहे, या आशयाची हदीस सहीह मुस्लिममध्येच आहे.

मुसलमानांच्या इतिहासातही हा झगडा झालेला आहे. हिजरी सन २२३ मध्ये खलीफा मुअतसिम अमोरियाच्या मोहिमेवर निघाले, तेव्हा ज्योतिष्यांनी काळ प्रतिकूल असल्याचे सांगितले. पश्चिमेकडील शेपटीच्या ताऱ्याचीही भीती घातली गेली. खलीफा गेले आणि शहर जिंकले गेले. कवी अबू तम्माम यांनी त्या विजयावर रचलेल्या प्रसिद्ध कसीद्यात ज्योतिष्यांची अशी खिल्ली उडवली की ती आजही अरबी शिकणाऱ्यांना पाठ असते.

दुसरी कथा दुःखाची आहे. १५७७ च्या नोव्हेंबरात एक तेजस्वी धूमकेतू साऱ्या जगाने पाहिला. इस्तंबूलमध्ये तकीउद्दीन या थोर खगोलज्ञाची नवी वेधशाळा नुकतीच उभी राहिली होती आणि तिची उपकरणे युरोपातील उत्तमोत्तम उपकरणांच्या तोडीची होती. सुलतान तिसरा मुराद यांना तकीउद्दीन यांनी या धूमकेतूचा अर्थ शुभ म्हणून सांगितला. पाठोपाठ प्लेगची साथ आली. दरबारातील स्पर्धा आणि धर्माधिकाऱ्यांचा विरोध हीही कारणे होतीच. १५८० मध्ये वेधशाळा पाडण्यात आली. त्याच धूमकेतूचे वेध घेऊन डेन्मार्कच्या टायको ब्राहे यांनी दाखवून दिले की, तो चंद्राच्याही पलीकडे आहे. एकाच पाहुण्याकडे दोघांनी पाहिले; एकाने अंतर मोजले, दुसऱ्याकडून राजाने शकुन मागितला. तकीउद्दीन यांची विद्या कमी नव्हती. ती ज्या कामाला लावली गेली, त्या कामाने तिचा घात केला, असे माझे मत आहे.

पुण्यात या प्रश्नाची परीक्षाही झालेली आहे. दिवंगत डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या. प्रत्येक ज्योतिष्याला त्यांतील ४० देऊन, कोणती कुंडली कोणत्या मुलाची एवढेच ओळखावयास सांगितले. २७ जणांनी उत्तरे पाठवली. बरोबर उत्तरांचे प्रमाण ४६ टक्के आले; नाणे उडवले असते तरी ५० च्या आसपास आले असते. आपल्यापैकी काही जण कुंडलीला हसतात आणि फाल काढणाऱ्या बाबाकडे मात्र गुपचूप जातात. त्यांनी ही हदीस आठवावी : भविष्य सांगणाऱ्याकडे जाऊन विचारणाऱ्याची ४० रात्रींची नमाज स्वीकारली जात नाही. गैबचे ज्ञान आकाशात आणि पृथ्वीवर अल्लाहशिवाय कोणालाही नाही, हे सूरह नम्लचे सांगणे आहे.

मग गणिताने सांगितलेली येती तारीख हेही गैबच नव्हे काय, असा प्रश्न एखादा तरुण विचारील. नव्हे. आपल्या मस्जिदीच्या भिंतीवर नमाजाच्या वेळांचा तक्ता टांगलेला असतो. त्यात पुढील डिसेंबरमधील मगरिबची वेळही आजच छापलेली असते. पुणे मुंबईच्या पूर्वेस सुमारे एक अंश असल्याने येथे सूर्य सुमारे चार मिनिटे आधी मावळतो, म्हणून मुंबईचा तक्ता पुण्यात चालत नाही. हा अल्लाहने घालून दिलेल्या नियमाचा हिशेब आहे आणि माणसाचा हिशेब चुकूही शकतो. एंके यांनाच पाहा. धूमकेतू दर फेरीला सुमारे अडीच तास आधी येतो, हे त्यांनी अचूक टिपले. कारण मात्र चुकीचे सांगितले. अवकाशातील एखाद्या विरळ द्रव्याचा अडथळा होत असावा, असे त्यांना वाटले. खरे कारण १९५० मध्ये फ्रेड व्हिपल यांनी मांडले : तापलेल्या बर्फातून उसळणारे वाफेचे झोत त्या गोळ्याला आतषबाजीतील बाणासारखा किंचित रेटा देतात. भविष्य सांगणारा आपली चूक कधी मान्य करीत नाही. हिशेब करणाऱ्याची चूक पुढचा हिशेब करणारा दुरुस्त करतो.

तेव्हा मुलांना घाबरवण्याऐवजी आकाश दाखवावे. एंके नुसत्या डोळ्यांनी ठळक दिसणाऱ्यांपैकी नाही. दुर्बीण आणि शहराच्या दिव्यांपासून दूरचे काळोखे आकाश लागते. १९४४ पासून पुण्यात असलेली ज्योतिर्विद्या परिसंस्था हौशी निरीक्षकांना मार्गदर्शन करते; विद्यापीठाच्या आवारातील आयुका ही संस्था २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनी सर्वांसाठी दारे उघडते. धूमकेतू नाही दिसला तरी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या रात्री वृषभ राशीच्या दिशेने संथपणे येणाऱ्या उल्का पाहता येतील. ती याच एंकेच्या वाटेवर मागे राहिलेली धूळ आहे. तहज्जुदसाठी उठणाऱ्याला त्यासाठी वेगळे जागावे लागणार नाही.

आणि घरात एक छोटा अभ्यास करावा. जुम्याला सूरह कहफ वाचली जाते. तीत गुहेतील तरुणांच्या झोपेचा काळ ३०० वर्षे आणि त्यावर ९ अधिक, असा आला आहे. भाष्यकारांनी ३०० सौर वर्षांची ३०९ चांद्र वर्षे होतात, याकडे लक्ष वेधले आहे. मुलांना कागद द्या. ३०० ला ३६५.२४ ने गुणावे, आलेल्या संख्येला ३५४.३७ ने भागावे आणि उत्तर आपल्या डोळ्यांनी पाहावे. मग त्याच कागदाच्या मागील बाजूस ३३ आणि ३४ चा हिशेब मांडावा.